शेठचा डोंगर

१२ जुलै

टिटवे,

आशीर्वाद आहेतच. ते मी रागातही कापत नाही. बाकी कापायचं ते कापणार आहे.

थोरल्याच्या मांडीचं हाड मोडलं. ज्या मामेभावाने तुला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं, तो इस्पितळात पाय टांगून छत मोजत पडलाय. नऊ तारखेला, सकाळी दहाला, लख्ख उजेडात, वारा नाही, लाट नाही, आणि आपली मालबोट भर समुद्रात जमिनीवर चढली. घासली नाही, चढली. पिंपांचे दोर तुटले आणि त्यातलं एक पोराच्या मांडीवर आलं. खलाशाने काठी टाकून बघितली, तर पाणी तीन मीटर. बोटीला लागतं साडेतीन. आणि तुझ्या नकाशावर त्या जागी आकडा आहे नऊ. नऊ, टिटवे! खाली तुझी सही.

तो नकाशा मी काच लावून ऑफिसात टांगला होता. बिलं मागायला आलेल्या माणसालाही आधी नकाशा दाखवायचो, ‘ही सही आमच्या भाचीची’. परवा खिळ्यासकट उपटला. भिंतीचा पोपडाही आला सोबत.

तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. आमच्या घरी आलीस आणि महिनाभर बोललीच नाहीस. मग एक दिवस मी तुला घर दाखवून समुद्र शिकवला, आठवतं? किनाऱ्यालगतचा उथळ भाग म्हणजे आपला ओटा. ओटा संपला की पायऱ्या. पायऱ्या उतरलं की लांबच लांब अंगण, आणि अंगणात कुठेतरी आड, ज्याचा तळ कोणी बघितला नाही. तेव्हा तोंड उघडून पहिलं वाक्य बोललीस, ‘मी बघीन.’ बघितलास तो हा असा?

बंदराच्या कचेरीत तक्रार दिली आहे. तुझं नाव घालून दिली आहे. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मामा


१८ जुलै

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र आणि कचेरीची नोटीस एकाच टपालाने आली. आधी नोटीस उघडली. ती जास्त प्रेमाने लिहिली होती.

थोरल्याचं वाचलं. त्याला सांगा, सुट्टी मिळाली असती तर लगेच आले असते. पण आता सुट्टी मागितली तर पळाली म्हणतील. चौदा सप्टेंबरला चौकशी आहे. मोठे साहेब ठरवणार, यापुढे मी नकाशावर सही करू शकते की नाही. सात वर्षं लोकांच्या बोटींवर ओकाऱ्या काढत मिळवलेली सही आहे ती. तुम्ही एका कागदाने तिच्यावर पाय दिलात. मला आधी विचारायचं तरी!

आता ऐका, रागातच ऐका. आम्ही पाण्यात आवाज सोडतो. तो तळावर आपटून परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून खोली काढतो. आवाज पाण्यात कसा पळतो, ते पाणी किती खारट आहे आणि किती गरम, यावर असतं. हजार भागांत पस्तीस भाग मीठ असलं की एक वेग, नदीचं गोडं पाणी मिसळलं की थोडा कमी. म्हणून यंत्र बुडवून खारटपणा आणि उष्णता मोजावी लागते. ती मी मोजली. समजा चुकली. अगदी सगळा समुद्र गोडा करून टाकला, तरी नऊ मीटरांत फरक पडेल एक वीत. मीठ एक वीत खोटं बोलेल मामा, सहा मीटर नाही.

फेब्रुवारीत त्या जागी नऊ मीटर पाणी होतं. जुलैत तीन असेल, तर मधल्या पाच महिन्यांत काहीतरी झालं. माझ्यावर ओरडून झालं की त्याचा शोध घ्या.

टिटवी


२७ जुलै

टिटवे,

शोध घ्या म्हणे! तळ म्हणजे काय उकिरडा आहे, दिवसागणिक वाढायला? पन्नास वर्षं मी त्या पाण्यावर आहे. तिथे ओटा होता, ओटाच आहे.

तुझं यंत्र आवाज सोडतं. आम्ही शिसं सोडायचो. दोरीला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला खळगा, खळग्यात साबण चोपडलेला. तळाला टेकलं की तिथलं जे असेल ते साबणाला चिकटून वर यायचं. वाळू आली तर कुठली वाळू, शिंपला आला तर कुठला शिंपला. मी डोळे मिटून, नुसत्या नाकाने सांगायचो, बोट कुठे आहे ते. जुना कप्तान म्हणायचा, ‘याचं नाक विम्यात घाला’. त्या नाकावर मी पहिली बोट घेतली. बापाने मला ठेवलं होतं काय? एक छत्री, तीही मोडकी.

आणि आज? नव्या धक्क्यासाठी बंदराचा गाळ काढायचं काम तीन मोठ्या कंपन्यांना सोडून मला मिळालं. मार्च ते मे, रोज गाळाची बोट भरून बाहेर, मुदतीच्या आठ दिवस आधी काम पुरं. शाल मिळाली, फोटो निघाला. त्याच बंदरात आता खलाशी मला विचारतात, ‘शेठ, भाचीने मोजलं होतं ना?’ तोंडावर हसत नाहीत, माझी पाठ वळली की हसतात. माझे कान तुला माहीत आहेत. पाठीलाही आहेत.

आणखी एक. तू लिहितेस, ‘ती मी मोजली’. कधी मोजली ते लिहिलं नाहीस. तू लहानपणी दूध सांडलं की असंच बोलायचीस, ‘मी ग्लास धरला होता’. धरला होतास, पण कधीपर्यंत?

मामा

ता. क. थोरल्याच्या पायात सळई घातली. तो तुझीच बाजू घेतो. गाढव आहे.


५ ऑगस्ट

मामा,

तुमचे कान खरंच कापून ठेवायला हवेत.

नियम असा आहे की पाणी दोनदा मोजायचं, सकाळी आणि दुपारी. कचेरीने माझी वही तपासली. सकाळचा रकाना आणि दुपारचा रकाना, दोन्हींत आकडे सारखे. अगदी शेवटच्या टिंबापर्यंत सारखे. मोठे साहेब म्हणाले, ‘बाई, समुद्राने आजवर कोणालाही दोनदा एकच उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला कसं दिलं?’ मी वही मिटून परत दिली. तुम्हालाही आत्ता सांगत नाही. चौकशीपर्यंत मला घरी बसवलंय. टेबलाचा खण रिकामा करताना शेजारचा कारकून सांत्वन म्हणून म्हणतो, ‘तुम्ही शिकवण्या का घेत नाही?’ त्याच्या डोक्यात शाईची दौत घालावीशी वाटली.

भांडण बाजूला ठेवून एक काम सांगते. सहा मीटर तळ आपोआप वाढत नाही. तिथे भूकंप झाला नाही, नदीने एवढा गाळ पाच महिन्यांत आणला नाही. कोणीतरी काहीतरी टाकलंय, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. तुमच्या गाळाची बोट पायऱ्यांच्या पलीकडे खोल पाण्यात टाकते हे मला ठाऊक आहे, परवान्यात तीच जागा आहे. पण बाकीचे? दगडवाले, राडारोडावाले? तुम्ही दिवसभर बंदरात असता. ऐका. पाठीच्या कानांनी ऐका. मला आत्ता तुमच्याशिवाय कोणी नाही, हे लिहितानाही राग येतो.

टिटवी


२९ ऑगस्ट

लाडक्या टिटवीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इथे सगळं क्षेम आहे. थोरला कुबड्या घेऊन दारापर्यंत येतो. मामी तुझी आठवण काढते. हवा छान आहे.

मी बराच विचार केला. माणसाच्या हातून चुका होतात, पोरी. तू चौकशीत जा, साहेबांपुढे नम्रपणे सांग की पाणी मोजण्यात माझी कसूर झाली. वाद घालू नकोस. तळात काय, कोणी काय टाकलं, असल्या भानगडी काढू नकोस. त्याने माणसं दुखावतात, निष्पन्न काही होत नाही. फार तर सही जाईल. जाऊ दे. सहीवाचून कोणाचं अडतं? मी आयुष्यभर अंगठ्याएवढीच सही केली. तू इकडे ये. माझ्या ऑफिसात तुझ्यासाठी खोली रंगवून घेतो. खिडकी समुद्राकडे आहे.

मी तक्रारही मागे घ्यायला निघालो होतो, पण ती आता मागे घेता येत नाही म्हणतात.

मी चौकशी केली, कोणी काही टाकल्याचं ऐकिवात नाही.

तुझा,
मामा


३ सप्टेंबर

मामा,

‘हवा छान आहे’? तुम्ही?

तुमची शिव्यांनी भरलेली पत्रं मी उशाशी ठेवून झोपत होते. त्यांत निदान तुम्ही होतात. हे पत्र कोणी लिहिलं? वाचून मला भीती वाटली. तुम्ही जन्मात कधी कोणाला ‘वाद घालू नकोस’ म्हणाला नाहीत. शाळेत बाईंनी मला खोटी ठरवलं, तेव्हा तुम्ही तेलकट कपड्यांनी वर्गात शिरलात आणि म्हणालात, ‘माझी टिटवी ओरडते ती उगाच नाही.’ टिटवी देखील समुद्र आटवते, ही म्हण तुम्हीच मला पाठ करून दिली होती. आणि आता तिला म्हणता, चोच मीट, खोली रंगवून देतो.

‘ऐकिवात नाही’ म्हणे. तुमच्या ऐकिवात नाही असं त्या बंदरात काय असतं? कोणाच्या बायकोने कोणाला काय म्हटलं ते तुम्हाला तिसऱ्या धक्क्यावरून ऐकू येतं.

काय ऐकलंत? कोणाला वाचवताय? ज्याला वाचवताय तो तुम्हाला माझ्याहून जवळचा आहे, एवढं समजलं. असं कोण आहे याचा विचार करतेय.

तुमच्या त्या खोलीच्या खिडकीला आग लागो.

टिटवी


५ सप्टेंबर

टिटवीबाळा,

मी मामी. तुझं पत्र मी फोडलं. हे आपल्याआपल्यात.

मला तुमचं ते मीठ-पाणी कळत नाही. मला घरातलं कळतं. वीस ऑगस्टला हे मधल्या वेळी घरी आले, थेट माळ्यावर चढले आणि तीस वर्षं पडून असलेलं ते शिशाचं वजन खाली काढलं. मग न्हाणीघरातून माझा अंगाला लावायचा साबण, नवीन वडी, कागदसुद्धा काढला नव्हता, ती घेऊन गेले. एकटेच, छोट्या होडीने. मी म्हटलं, एवढ्या म्हाताऱ्या वयात साबण लावून कुणाला भेटायला निघालात? हसले नाहीत. तेव्हाच मला समजलं काहीतरी बिनसलंय. माझ्या विनोदाला हे न हसता जातात असं होत नाही, नाहीतर संसार टिकला नसता.

संध्याकाळी आले ते बाकावर बसून राहिले. जेवले नाहीत. साबण खिशात होता. दुसऱ्या दिवशी पँट धुवायला काढली तेव्हा सापडला. वास असा की मांजर उठून गेलं.

आता तो ना अंगाला चालणार ना कपड्याला. तुझ्या कामाचा असेल म्हणून डब्यात घालून पाठवते. मी काही विचारलं नाही. तूही मला काही सांगू नकोस. त्यांना काय विचारायचं ते विचार, आणि हळू विचारू नकोस.

मामी


९ सप्टेंबर

मामा,

साबण पोचला.

डब्याचं झाकण उघडलं आणि मला वासावरूनच कळलं. नाकावर बोट घेणारे तुम्ही, तुम्हाला तर होडीतच कळलं असेल, शिसं पाण्याबाहेर यायच्या आधी. फेब्रुवारीत मी त्याच जागेचा तळ वर काढला होता. भरड पिवळी वाळू, शिंपल्यांचा चुरा. वहीत आहे. साबणावर आहे काळा कुळकुळीत चिकट गाळ, जळक्या तेलाचा वास, आणि नखाएवढी हिरव्या रंगाची खपली. असा हिरवा रंग कुठे असतो मामा? जुन्या धक्क्याजवळ, जिथे बोटी उलट्या करून बुडाचा रंग खरवडतात, तिथे. समुद्राच्या पाण्यात मीठ विरघळतं, हवा विरघळते, सोनंसुद्धा विरघळलेलं असतं म्हणतात. रंगाची खपली विरघळत नाही.

बंदराचा गाळ. तो मार्च ते मे कोणी काढला, त्याचा फोटो निघालाय. खांद्यावर शाल आहे.

मी तुमच्याकडे मदत मागत होते आणि तुम्ही मला सांगत होतात, माफी माग. त्या गाळावर स्वतःच्या पोराचा पाय मोडला, तरी माझ्या नावाची तक्रार तशीच राहू दिलीत. मला असा राग आयुष्यात आला नव्हता. भांडी घासताना कप फोडला, मुद्दाम फोडला.

आता माझं ऐका, कारण तुम्ही ‘कधी मोजलं’ विचारलं होतं. सकाळी मोजलं. दुपारी यंत्राचा दोर कप्पीत अडकला, सोडवता सोडवता उजेड जायला लागला, बोटवाले ‘बाई, आटपा’ करत होते. मी सकाळचेच आकडे दुपारच्या रकान्यात उतरवले. दुपारी ओहोटीबरोबर नदीचं पाणी आलं होतं, खारटपणा उतरला असणार. हिशेब करून बघितला. नकाशावरची खोली खरीपेक्षा चार बोटं जास्त पडली. चार बोटं माझी. हे मी चौकशीत सांगणार आहे. कोणी विचारायच्या आधी सांगणार आहे, सही गेली तरी.

सहा मीटर तुमचे. ते मी सांगणार नाही. साबण पिशवीत घेऊन जाईन, पण बाहेर काढणार नाही. माझी चूक कागदावर आहे म्हणून सगळ्यांना दिसते. तुमची पाण्याखाली आहे. ती वर काढायची तर तुम्हीच काढा.

चौदा तारीख, सकाळी अकरा. दुसरा मजला, डाव्या हाताची खोली.

टिटवी


१५ सप्टेंबर

टिटवे,

काल तू माझ्याशी न बोलता जिना उतरलीस, ते बरोबर केलंस. मीही बोललो नसतो. म्हणून लिहितो.

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला मी इंजिनवाल्याच्या शेडमागे उभा होतो. पत्र्याच्या पलीकडे माझेच दोन खलाशी. एक म्हणाला, ‘शेठच्या पोराने बोट चढवली ती शेठच्याच डोंगरावर.’ दुसरा इतका हसला की त्याला ठसका लागला. शेठचा डोंगर. नावसुद्धा पडलं होतं, टिटवे, सगळ्या बंदराला ठाऊक होतं. या कानांना सोडून. हे कान मी आयुष्यभर लोकांच्या चुका ऐकायला वापरले.

गाळाची बोट चालवणाऱ्या तांडेलाला गाठला. त्याची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, ‘हात काढा शेठ, मग सांगतो.’ आणि सांगितलं. पायऱ्यांपलीकडे जायला भरल्या बोटीला तीन तास. त्या हिशेबाने दिवसाला दोनच फेऱ्या. मी म्हटलं होतं, मुदत गाठायची तर तीन हव्यात, दोन तास बाहेर जायचं, बोटीच्या पोटाची दारं उघडायची आणि परत फिरायचं. मार्चात समोरचा वारा, बोट रांगत होती. दोन तासांत ओट्याची कडसुद्धा येत नव्हती. रोज दोन तास, रोज तीच जागा, तीन महिने. तो म्हणाला, ‘मी दोनदा सांगायला आलो. तुम्ही म्हणालात, घड्याळ बघ, पाणी बघू नकोस.’

म्हटलं होतं. हसत हसत म्हटलं होतं, पाठीवर थाप मारून. चाळीस वर्षांत त्या माणसाने माझा एक शब्द कधी ऐकला नाही, आणि ऐकला तो हा!

मग साबण घेऊन गेलो. खोटं ठरावं म्हणून गेलो होतो. शिसं टेकलं तेव्हाच हाताला समजलं. वाळूवर ते टणकन बसतं, इथे ते रुतलं, लोण्यात बोट जावं तसं.

त्यानंतर तुला ते गोड पत्र लिहिलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ते पत्र फाडू नकोस. मी उतलो-मातलो की माझ्यापुढे धरायला ठेव.

कालचं सांगतो. मी आलो होतो तो बोलायला आलो होतो असं समजू नकोस. मागच्या बाकावर बसलो होतो ते तू साबण काढतेस का बघायला. काढला असतास तर मी उठून म्हणालो असतो, हा माझ्या घरचा साबण, मला अडकवायला भाचीने डाव रचलाय. वाक्यं घोकून ठेवली होती. वकिलाने दिली होती. तू उभी राहिलीस, कोणी काही विचारायच्या आत कप्पीत दोर अडकल्याचं सांगितलंस, चार बोटं सांगितलीस, बोटं वर करून दाखवलीस. साहेब म्हणाले, ‘मग उरलेल्या सहा मीटरचं काय?’ तू पिशवीत हात घातलास. माझ्या तोंडात पहिलं वाक्य आलं. आणि तू रुमाल काढून नाक पुसलंस. म्हणालीस, ‘ते मला सांगता येणार नाही.’

असा राग आला तुझा! एवढी कशी तू हट्टी? काढला असतास तर मी सुटलो असतो. तू मला खोटं बोलायलासुद्धा जागा ठेवली नाहीस. उठलो तो तुला झापायलाच उठलो होतो. पण सगळ्यांनी वळून बघितलं, आणि तोंडातून भलतंच आलं. ‘पोरीचे नऊ खरे आहेत. वरचे सहा माझे.’ वकिलाने कपाळ धरलं. नंतर मला थांबवता येईना. घड्याळाचं सांगितलं, तांडेलाने दोनदा सांगितल्याचं सांगितलं, शाल परत करतो म्हटलं. साहेब म्हणाले शाल आमच्या विषयात येत नाही.

गाळाचा परवाना गेला हे तू ऐकलंसच. डोंगर स्वखर्चाने उचलायचा आहे, पुढच्या वर्षी. तांडेल म्हणतो, ‘उचलू की. आता घड्याळ न बघता उचलू.’ टोमणा मारायला त्याला बरोबर जागा सापडते.

थोरल्याला रात्री सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग कुबडी उचलून म्हणाला, ‘बाबा, जरा लांब बसा.’ बसलो.

तुला नुसती ताकीद मिळाली, सही राहिली, हे मला तू नाही सांगितलंस, शिपायाने सांगितलं. डोंगर उचलेपर्यंत नकाशावर धोका दाखवावा लागेल, म्हणजे तुलाच मोजावा लागेल. आणि म्हणे उंचवट्याला नाव द्यायची पद्धत आहे. तर आमच्या अब्रूची काळजी करून काहीतरी गोलमाल नाव देऊ नकोस. बंदराने ठेवलंय तेच लिही. माझ्या नावाने धक्का व्हावा अशी माझी फार इच्छा होती. आता हे झालंय. ते तरी अचूक लिहिलेलं असावं.

मामा


२० ऑक्टोबर

मामा,

नकाशाची दुरुस्ती छापून आली. जशीच्या तशी उतरवते:

‘शेठचा डोंगर. टाकलेल्या गाळाचा उंचवटा. कमीत कमी पाणी तीन मीटर. तळ काळा गाळ, चिकट. बोटींनी दूर राहावे. पाण्याची मोजणी सकाळी केली. दुपारीही केली.’

साहेब म्हणाले शेवटची दोन वाक्यं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, मला ती पद्धत लावायची आहे.

दोन वेळचे आकडे वेगळे आले. दुपारी पाणी चांगलंच गोडं होतं. मोजत असताना तुमच्या तांडेलाने होडी आणून चहा दिला आणि म्हणाला, ‘शेठ हल्ली पाण्याकडे बघत बसतात, घड्याळ काढून ठेवलंय.’ मी म्हटलं, फार उशीर केला. तो म्हणाला, ‘हो, आठशे फेऱ्यांचा.’ तीन महिन्यांच्या फेऱ्या मी मोजल्या, त्या पावणेतीनशे होतात. तुमच्या माणसांना आकडा कळत नाही, घड्याळ तेवढं कळतं.

माझा राग गेलेला नाही. थोरला धावायला लागला की बघू.

मामीला साबणाच्या सहा वड्या पाठवल्यात. त्यांतली एकही शिशाला लागता कामा नये.

नवा नकाशा सोबत आहे. मधोमध तुमचा डोंगर, खाली माझी सही. त्याच काचेत, त्याच भिंतीवर, बिलं मागायला येणाऱ्याला दिसेल असा लावा. पोपडा आलाय म्हणता, तर खिळा यावेळी मोठा घ्या.

टिटवी